धबधबा, सहकुटुंब सहपरिवार

जून-जुलैत पेडण्याच्या माणसाची फार कुचंबणा होते. तालुक्याला केरीपासून मोरजीपर्यंत झक्कास समुद्रकिनारा आहे, पण पावसाळ्यात तिथे लाल बावटे लागतात आणि कुणी घोटाभर पाण्यात उतरला तरी जीवरक्षक शिट्ट्या फुंकतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी. त्यामुळे रविवारचा जो मुख्य कार्यक्रम, म्हणजे मासळी आणणे, ती साफ करण्यावरून वाद घालणे, जेवणे आणि चार वाजेपर्यंत झोपणे, तोही कोलमडतो. बर्फातला मासा मिळतो, पण त्याच्याकडे बघून आमचे बाबा म्हणतात, "हा माझ्याआधी निवृत्त झालेला दिसतो." समुद्र बंद, मासे बंद आणि मुलं मात्र घरात चालू. अशा रविवारी घरातलं कुणीतरी, बहुधा ज्याला गाडी चालवायची नसते असं, म्हणतं, "धबधब्याला जाऊया का?"

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतर थोडं, म्हणून पडलेलं पाणीही घाईत असतं. वाटेत कडा आला की उडी टाकून पुढे जातं. तेव्हा धबधब्यांना तोटा नाही. तोटा आहे तो आजी-आजोबा आणि दोन मुलांना घेऊन जाता येईल अशा धबधब्यांना. दूधसागर तीनशे दहा मीटरांचा, थोर खरा. पण रुळांवरून चालत तिकडे जायला मनाई आहे. २०२३ च्या जुलैत एका रविवारी ती मोडायला निघालेल्या हौशी मंडळींना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या आणि त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. त्याच महिन्यात वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवरही बंदी घातली. बाबांच्या गुडघ्यांना उठाबशा झेपण्यासारख्या नाहीत. म्हणून हरवळे.

हरवळे डिचोली तालुक्यात, साखळीच्या अगदी जवळ. धबधब्याच्या कुशीत रुद्रेश्वराचं देऊळ आहे, आणि आमच्या घरात हा मुद्दा निर्णायक ठरतो. नुसतं फिरायला जाणं ही आईच्या मते उधळपट्टी. वाटेत देव असला की तेच पेट्रोल सत्कारणी लागतं. शिवाय गाडी थेट जवळ जाते. तिथून पायऱ्या उतरून धबधबा समोर यायला धडधाकट माणसाला पाच मिनिटं पुरतात. आम्ही धडधाकट माणूस नव्हे, आम्ही कुटुंब आहोत.

कुटुंब म्हणजे आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांचा थोरला (इयत्ता पाचवी), धाकटी (इयत्ता पहिली), पुण्याहून सुट्टीवर आलेला माझा कॉलेजकुमार भाचा आणि मी. म्हणजे मुलांची आत्या, भाच्याची मावशी आणि सर्वांची पिशव्या सांभाळणारी.

सकाळी आठला निघायचं ठरलं, याचा अर्थ आठला पहिली अंघोळ सुरू झाली. वहिनीने मुलांचे बदलायचे कपडे घेतले. मग ते भिजले तर म्हणून आणखी एक जोड घेतला. मग दादाने चेष्टा केली म्हणून त्याचेही घेतले. धबधब्यावर नेलेलं मूल जवळच्या कपड्यांच्या जोडांपेक्षा एकदा जास्त भिजतं, हा निसर्गनियम आहे. चार जोड नेले तर ते पाचव्यांदा भिजेल, सरळ हिशेब आहे. आईने थर्मास, सुकी भेळ, आल्याच्या वड्या, हळद, एक जुनं धोतर ("लागतं") आणि लिंबं घेतली. लिंबं धाकटीसाठी. तिला गाडी लागते. लागते म्हणजे, गाडी सुरू व्हायच्या आधीपासून लागते.

मग रस्त्याचा प्रश्न. दादाचं म्हणणं धारगळ, कोलवाळ, म्हापसा, अस्नोडा असं सरळ जाऊ. बाबांचं म्हणणं इब्रामपूर-हणखण्यावरून दोडामार्ग गाठू आणि तिथून डिचोलीत उतरू. त्या रस्त्यावर थोडा वेळ महाराष्ट्रात जाऊन परत गोव्यात यावं लागतं, आणि हे बाबांना अजूनही परदेशगमनासारखं आवडतं. त्यांनी तो रस्ता तरुणपणी सायकलने मारला होता. तरुणपणी सायकलने मारलेला रस्ता गाडीनेही जवळचाच वाटतो. भाच्याने फोनवर नकाशा उघडला तर त्यातल्या बाईने तिसराच मार्ग सुचवला. वडील आणि मुलगा यांचं गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच एकमत झालं: या बाईला काही कळत नाही.

म्हापशावरून गेलो. धारगळच्या आसपास मोपाला उतरणारं विमान अगदी डोक्यावर आलं, म्हणून गाडी थांबवावी लागली. विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू आहे, विमानं रोज घरावरून जातात आणि थोरला रोज अंगणात पळत येऊन ती बघतो. तरी थांबलो. धाकटीने ती संधी साधून लिंबाचा निकाल लावला.

डिचोलीत भाजी-पाव. महाराष्ट्राला पावभाजी ठाऊक आहे. आमचा भाजी-पाव वेगळा. पातळ भाजी, तर्री, बाजूला मिरचीभजी, आणि नंतर चहाबरोबर गोडसर बन. पुण्याच्या भाच्याने पहिला घास घेऊन "ही आपली मिसळच की, फरसाण विसरलेली" असं म्हटलं, आणि बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने आणखी दोन पाव मागवले. थोरल्याला मॅगी हवी होती. घरी आठवड्यातून तीनदा मिळणारी वस्तू खाण्यासाठी मुलं इतक्या लांब येतात, याची नोंद पर्यटन खात्याने घ्यायला हवी.

हरवळ्याला धबधब्याच्या अलीकडे लेणी आहेत. जांभ्या दगडात कोरलेली, आत शिवलिंगं. अभ्यासक त्यांना साधारण सहाव्या-सातव्या शतकात नेतात. गावाच्या लेखी ती पांडवांची. "पांडव वनवासात इथे राहिले होते," बाबांनी सांगितलं. मुलांना शतक कळत नाही, बिऱ्हाड कळतं. दोघांनी लगेच खोल्यांची वाटणी सुरू केली. ही भीमाची, ही अर्जुनाची. नकुल-सहदेवांना एकच खोली द्यावी की दोन, यावर जुळ्या मुलांच्या मतांचा आदर ठेवावा असं भाचा म्हणाला. मग थोरल्याने विचारलं,

"आणि कुंती कुठे झोपायची?"

"कुंती वनवासात गेली नव्हती," बाबा म्हणाले. "ती विदुराकडे राहिली. वय झालं होतं ना."

थोरला जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपण महाबळेश्वरला गेलो तेव्हा आजीला मावशीआजीकडे ठेवलं होतं, तसं."

आईने काही म्हटलं नाही. तिने फक्त वहिनीकडे पाहिलं, वहिनीने दादाकडे पाहिलं आणि दादाने लेण्याच्या छताचा अतिशय बारकाईने अभ्यास सुरू केला. जांभ्यात इतकं सफाईने कोरणं सोपं नसतं, असं तो बऱ्याच वेळाने म्हणाला.

आता ती पाच मिनिटांची वाट. पहिल्या पायरीवर थोरल्याने जाहीर केलं की तो पायऱ्या मोजणार. दुसऱ्या कुणी मधे बोललं की आकडा चुकतो, म्हणून त्याने सर्वांना गप्प राहायला सांगितलं, आणि आकडा चुकला की तो वर जाऊन पहिल्यापासून मोजू लागला. त्यामुळे तो खूप चालला, पण खाली फारसा आला नाही. पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या. आई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने बाबांना धरून उतरत होती, आणि बाबा आपण तिला आधार देतो आहोत अशा समजुतीत होते.

धाकटी सर्वांच्या मागे. कारण तिला पायरीच्या कडेला एक किडा सापडला: काळा, चकचकीत, असंख्य पायांचा, बोट लावलं की नाण्यासारखं वेटोळं करून पडणारा पैसा-किडा. ती उकिडवी बसली. बोट लावायचं, तो वेटोळं करणार, मग तो उलगडेपर्यंत वाट बघायची. उलगडायला त्याला बराच वेळ लागतो, कारण त्याला जगाचा अनुभव आहे. त्याचे पाय एकामागोमाग एक असे हलतात की कडेकडेने बारीक लाट सरकताना दिसते. तो शेवाळाच्या कडेशी आला की डोकं उचलून दोन्ही मिशांनी चाचपतो आणि मग वळतो. खालून धबधब्याचा घोष येत होता, तुषार वरपर्यंत पोचत होते, माणसं "वाऽ" करत शेजारून उतरत होती. तिने मान वर केली नाही.

"चल गं, धबधबा बघायचाय ना?" वहिनी म्हणाली.

"धबधबा कुठे जातोय?" धाकटी म्हणाली. "हा जाईल."

याला उत्तर नव्हतं. तीन मोठी माणसं ओल्या पायरीवर छत्र्या धरून एका किड्याच्या उलगडण्याची वाट बघत उभी राहिली. मागून येणाऱ्यांना वाटलं खाली काही अपघात झाला आहे, तेही थांबले. थोड्या वेळाने तिथे बऱ्यापैकी गर्दी जमली आणि एका गृहस्थाने "जळू आहे, मीठ आणा" असा सल्लाही दिला.

धबधबा दिसला तो एकदम. काळ्याभोर कड्यावरून पांढरंशुभ्र पाणी, हे कॅलेंडरवर असतं. डिचोली तालुक्यात जुलैत पाणी येतं ते सगळ्या तांबड्या मातीला भेटून. "चहाचा धबधबा!" थोरला ओरडला, आणि रंग खरंच तोच होता, दूध जरा बेताचं. या तालुक्यात वर्षानुवर्षं लोहखनिज उकरलं गेलं. २०१२ साली खाणी थांबल्या, मग पुन्हा सुरू, २०१८ साली पुन्हा बंद, आता पुन्हा हालचाल. माती मात्र तेव्हाही तांबडी होती आणि आताही आहे. बाबा म्हणाले, आमच्या लहानपणी पाणी पांढरं होतं. बाबांच्या लहानपणी धबधबा उंचही जास्त होता. उंचीवर मग चर्चा झाली. बाबा म्हणाले दीडशे फूट, दादा म्हणाला शंभर, भाच्याने फोनवर शोधलं तर दर पानावर वेगळा आकडा निघाला. थोरल्याने विचारलं, "पायऱ्यांवरून मोजू का?" सर्व जण एका सुरात नको म्हणाले.

धबधब्यासमोर संभाषण होत नाही. तरी प्रत्येक कुटुंब ते करतं.

"छान आहे ना!"

"काय?"

"छान आहे म्हटलं!"

"पान? पान इथे कुठे मिळणार?"

"आई, धबधबा! छान!"

"हो, लहान आहे, तिचा हात सोडू नको!"

फोटोचंही तसंच. भिंगावर तुषार, चष्म्यांवर तुषार, आणि सगळे "चीज" म्हणतात ते कुणालाच ऐकू येत नाही, त्यामुळे दर फोटोत निम्म्यांची तोंडं उघडी आणि निम्मे "काय?" म्हणताना. एकाच फोटोत आठही जण नीट आलेत. त्यात धबधबा नाही.

पुरुषांचं आणि पाण्याचं काय नातं आहे, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. मुलं कठड्याशी मजेत उभी असतात. चाळिशीतला बाप मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडू लागतो. "जरा पाय बुडवून येतो." दादाने एक पायचा दुमडला होता. पुढे काही तरुण डोहाच्या कडेला खडकावर बसले होते, हातात बाटल्या, आणि त्यातले दोघे पोटरीपर्यंत पाण्यात. तेवढ्यात धाकटीचं लक्ष सूचनेच्या फलकाकडे गेलं. ती यंदाच वाचायला शिकली आहे, त्यामुळे दिसेल ते अक्षर मोठ्याने वाचल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही.

"पा-ण्या-त... उ-त-रू... न-ये."

कुणी लक्ष दिलं नाही. पहिलीच्या बाईंनी सांगितलं आहे की समोरच्याला कळलं नाही तर पुन्हा वाचावं. तिने पुन्हा वाचलं. मग आणखी जोरात. धबधब्याच्या आवाजावर मात करणारी ती हरवळ्यातली एकमेव व्यक्ती होती. मग तिने बापाकडे वळून विचारलं, "पपा, नये म्हणजे नाही ना?" दादाने दुमडलेला पायचा सोडला. खडकावरचे तरुण एकमेकांकडे बघून हसले, पण उठले. त्यातला एक जाताना "सॉरी बाय" म्हणाला.

भाचा एरवी चेष्टेत असतो, पण तो तेव्हा हसला नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं, मुलांसकट, वाहून गेली. पुण्याच्या मुलांनी तो व्हिडिओ पाहिलेला असतो. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली उभ्या माणसाला ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा मागे जायला वाट नसते. त्याने दादाला एवढंच सांगितलं, आणि आम्ही देवळाकडे वळलो.

रुद्रेश्वराच्या या जागेचं आणखी एक महत्त्व आहे: इथे लोक गेलेल्या माणसांची कार्यं करायला येतात. आम्ही दर्शन घेऊन बाहेर आलो तेव्हा एका बाजूला असंच एक कुटुंब उभं होतं. भटजी, ओल्या पंचात थोरला मुलगा, बायका, दोन-तीन म्हातारे. खाली केळीच्या पानावर पिंड ठेवलेला आणि सगळ्यांच्या नजरा झाडाकडे. कावळा येत नव्हता.

आम्ही दबक्या पावलांनी पलीकडे गेलो आणि मुलांना भूक लागली. वहिनीने वेफर्सचं पाकीट फोडलं. त्या पाकिटाचा आवाज जेवढा येतो तेवढाच आला, पण तो जिथे पोचायचा तिथे पोचला. आधी एक कावळा आला. मग दुसरा. तिसऱ्याने थोरल्याच्या हाताजवळ येऊन मान तिरकी केली. धाकटीने आनंदाने एक वेफर टाकला, तो जमिनीवर पडायच्या आत गेला. तिकडे पंचातल्या गृहस्थाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. त्याच्यामागोमाग सगळ्या कुटुंबाने पाहिलं. शेवटी भटजींनी पाहिलं.

तिकडे एक म्हातारी हात जोडून पुटपुटत होती. वारा आमच्याकडचा, म्हणून ऐकू आलं. नातवाचं शिक्षण पुरं करू, घराची वाटणी करणार नाही, गाय विकणार नाही, अशी एकेक वचनं ती दिवंगताला देत होती. कावळा आमचे वेफर्स खात होता. गाय विकणार नाही इथपर्यंत आलेलं बघून आईला राहवलं नाही. ती ताडकन पुढे झाली, पाकीट ओढून घेतलं, त्याचं तोंड पिळून पिशवीच्या तळाशी, धोतराच्या खाली खुपसलं ("लागतं"), आणि मुलांना म्हणाली, "हलू नका. काही खाऊ नका. काही खाल्ल्यासारखं दिसू नका."

आम्ही आठ जण रिकाम्या हातांनी, शक्य तेवढे निरुपयोगी दिसत उभे राहिलो. कावळ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यातला एक उडाला, झाडावर बसला, तिकडे पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं, आणि अखेर नाइलाजाने पानाशी उतरला.

पलीकडे सगळ्यांनी सोडलेला श्वास इथवर जाणवला. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. पंचातला गृहस्थ आमच्याकडे वळून किंचित मान लववून हसला, आणि थोड्या वेळाने त्यांच्यातल्या एका बाईने मुलांच्या हातावर केळी आणून ठेवली. "घे रे बाबू," ती म्हणाली. धाकटीने आजीला विचारलं, आता खाऊ का? आजी म्हणाली, भटजींना विचार. धाकटी खरंच विचारून आली.

परतीच्या वाटेवर पायऱ्यांची संख्या उतरतानाच्या संख्येशी जुळली नाही, त्यामुळे थोरल्याला परत खाली जायचं होतं. ते अनेक आश्वासनं देऊन टाळलं. कपड्यांचे सगळे जोड भिजले होते. म्हापशाच्या आधीच मागची ओळ झोपली, धाकटी आजीच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली. दोडामार्गावरून गेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो, असं बाबा म्हणाले.

तुम्ही जाणार असाल तर खुशाल जा. पाऊस जरा ओसरला की श्रावणात जा, म्हणजे पायऱ्याही बऱ्या आणि पाणीही. डोहात उतरू नका. फलक वाचता येत नसेल तर पहिलीतलं मूल सोबत न्या. बाटल्या आणि पाकिटं घरी परत आणा, कारण तो तांबडा ओढा पुढे कुणाच्या तरी शेतातून जातो. आणि देवळाच्या बाजूला कुणी पान मांडून झाडाकडे बघत उभं असेल, तर कावळा येऊन जाईपर्यंत वेफर्सचं पाकीट कृपा करून उघडू नका.